मिसेस कोल, शनिवार आता माझ्याकडे आहे

मिसेस कोल,

तुम्हाला जाऊन अजून दोन आठवडेही झालेले नाहीत, आणि मला भीती वाटते आहे. हे आधी सांगून टाकते. शाळेत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. "सुनंदा-सान, जेवलात का?" असं विचारतात. दुःखाची चौकशी सगळे करतात, भीतीची कोणी करत नाही. सकाळी चढ चढून शाळेच्या फाटकाशी आले की तिथेच थांबते. तुमच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. ती कुलपात फिरवताना रोज वाटतं, आत जाऊ नये, परत घरी जावं, नवऱ्याला, विनायकला, सांगावं की आपलं बस्तान गुंडाळ आणि मला पुण्याला घेऊन चल.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी येत नव्हतं. "काय गं" एवढंच तुम्ही माझ्याकडून उचललं होतंत आणि ते प्रिन्सिपलनाही बिनदिक्कत म्हणायचात. पण इंग्रजीत मी तुमच्याशी प्रत्येक वाक्य मनात जुळवून मगच बोलत आले. आज जुळवाजुळव होणार नाही. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, तेव्हा तुम्हाला "तुम्ही"च म्हणते.

कोबेच्या भूकंपाच्या वर्षी आपली ओळख झाली. आपल्या शाळेचं जिम तेव्हा घरं पडलेल्या लोकांनी भरलं होतं आणि पालकांपैकी ज्यांना जमेल त्यांना मदतीला बोलावलं होतं. माझी मुग्धा तिसरीत होती. मी एका लांब टेबलाशी उभी राहून भाताच्या मुठी वळत असे. जमीन जरा हलली की मी टेबलाखाली. बाकी सगळे मान वर करून दिवे हलतात का ते बघत आणि पुन्हा कामाला लागत. मी मात्र खाली बसून डोळे मिटून घेत असे. एकदा तुम्ही वाकून टेबलाखाली पाहिलंत. मी पहिल्यांदाच तुम्हाला इतक्या जवळून पाहत होते. काळा रुंद चेहरा, नाकावर घसरलेला चष्मा.

"खाली आहेसच तर तो कागदी ताटल्यांचा गठ्ठा दे," तुम्ही म्हणालात.

मी दिला. त्यानंतर पुन्हा हादरा आला तेव्हा तुम्ही लांबूनच ओरडलात, "सुनंदा, ताटल्या!" आणि मी टेबलाखाली बसून हसले. घाबरलेली असतानाच हसले. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

अबेनाही तिथेच भेटली. ती तेरा वर्षांची होती. वडील घानाचे, बंदरात सामान उतरवण्याच्या कामावर. आई इथलीच जपानी, बुटांच्या कारखान्यात शिलाईवर. त्यांचं घर खाली बसलं होतं आणि तिघं जिमच्या कोपऱ्यात एका सतरंजीवर राहत होते. जिममधला रॉकेलचा हीटर बंद पडला तेव्हा ती पोरगी कोणाला न विचारता तो उघडून बसली. हात काळे, जीभ दातांत धरलेली. शेजारचे एक आजोबा कौतुकानं बघत होते. हीटर पेटल्यावर ते प्रेमानं म्हणाले, "शाबास! आणि तू पळतेस पण जोरात, हो ना? गात पण छान असशील."

आजोबांच्या मनात वाईट काही नव्हतं. अबेनाही सवयीनं हसली. पण तुमचं हसू गेलं. तुम्ही मला म्हणालात, "हिनं आत्ता हीटर दुरुस्त केला. पाहिलास ना तू? की मला एकटीलाच दिसला?"

तिला आपल्या शाळेत जागा मिळावी म्हणून तुम्ही प्रिन्सिपलच्या मागे हात धुऊन लागलात, आणि ती आली. मलाही तुम्ही तुमच्या खोलीत अर्ध्या दिवसाच्या कामावर घेतलंत. शाळेच्या मार्गदर्शक बाई तुम्ही, आणि तुमचा फोन उचलणारी मी. फोन वाजला की मी तुमच्याकडे बघायचे, कारण पलीकडे जपानी असणार. "चुकलीस तर काय होईल?" तुम्ही विचारायचात. फोन तोवर वाजतच असायचा.

मग शनिवार सुरू झाले. आपल्या शाळेतली काही काळी मुलं-मुली आणि बाहेरच्या जपानी शाळांतली आणखी काही. कोणाचे वडील नायजेरियाचे, कोणाचे अमेरिकन आणि परत निघून गेलेले, कोणाची आई केनियाची. सकाळी ती सगळी तुमच्या खोलीत जमत. तासभर नुसत्या गप्पा: आठवड्यात कोणी केसांना हात लावला, कोणी काय चिडवलं, अभ्यासात काय अडलं. मग प्रत्येकाला घेऊन आपण कोबे-ओसाकातल्या एखाद्या काळ्या माणसाकडे जायचो. कोणी दवाखान्यात क्ष-किरण काढणारी, कोणी अनुवाद करणारा, कोणी पियानोच्या तारा लावणारा. एकेक मूल एकेका माणसाला बांधून दिलेलं. काम बघायचं, हात लावायचा, डबा सोबत खायचा, प्रश्न विचारायचे. परीक्षा जवळ आली की त्याच माणसाला फोन करायचा.

"यांना 'तू काहीही बनू शकतोस' असं सांगणारे पुष्कळ आहेत," तुम्ही म्हणायचात. "मला ते बनलेलं माणूस आणून दाखवायचं आहे. त्याच्या अंगाला कसला वास येतो तेसुद्धा मुलांना कळू दे."

ही माणसं तुम्ही कशी शोधून काढायचात! मिस्टर क्लाइव्ह तुम्हाला स्टेशनवर दिसले. त्रिनिदादचा उंच काळा माणूस, अंगात कामाचा निळा डगला, पिशवीतून हातोडी डोकावते आहे. तुम्ही आपली गाडी सोडून त्यांच्या मागे भलत्याच गाडीत चढलात आणि समोर बसून विचारलंत, "माफ करा, पण हातोडीचं काय करता?" जहाजं तपासतो, म्हणाले ते. बंदरात दुरुस्तीला आलेल्या जहाजाचा पत्रा कुठे झिजला, कुठे तडकला, ते शोधायचं. तुम्ही तिथल्या तिथे त्यांच्याकडून शनिवार कबूल करून घेतलात. परत आलात तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुम्ही मला एवढंच म्हणालात, "काय गं, अबेनाचा माणूस सापडला!"

आता भांडणाचं. ते अर्धंच राहिलं, म्हणून लिहिते.

मुग्धाला वर्गात कोणीतरी काळी म्हणून चिडवलं होतं. ती सावळी आहे, माझ्यावर गेलेली. घरी येऊन ती सरळ न्हाणीघरात जाऊन तोंडाला साबण लावत बसली. दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मुग्धालाही शनिवारी घ्या."

तुम्ही चष्मा काढलात. "नाही," म्हणालात.

"का? तिला नाही का त्रास होत?"

"होतो. ज्यानं तिला चिडवलं त्याच्याशी मी आज बोलणार आहे, त्याच्या आईशीही. पण सुनंदा, मुग्धाच्या घरी रोज रात्री एक इंजिनिअर जेवायला बसतो. तिच्या मामा-काकांत कितीजण आहेत? तू बोट दाखवून मोजू शकतेस. शनिवारची मुलं बोट कोणाकडे दाखवणार?"

"म्हणजे माझ्या मुलीचं दुःख कमी?"

"तसं मी म्हटलं नाही."

"अर्थ तोच झाला."

मी पुष्कळ दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्ही मुग्धाला जेवणाच्या सुट्टीत बोलावून घ्यायचात, तिच्याशी पत्ते खेळायचात, पण शनिवारी नाही म्हणजे नाहीच. तुमचं म्हणणं मला डोक्यानं पटायचं. मुलीचा तो साबणानं ओढलेला चेहरा आठवला की पटेनासं व्हायचं. तुम्ही म्हणाला होतात, "यावर आपण पुन्हा बोलू. तू अजून चुकीची नाहीस आणि मीही." ते पुन्हा काही आलं नाही.

आणि ती चौकी. मिसेस कोल, त्या दिवसाबद्दल आपण दोघी नंतर एकदाच बोललो.

तुम्हाला सर्दी झाली होती, म्हणून अबेनाला मिस्टर क्लाइव्हकडून आणायला मी एकटी गेले होते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर तिनं तिच्या आईची सायकल घेतली. मी चालत होते, ती माझ्या बाजूनं सायकल हळूहळू चालवत पंखा कसा बदलतात ते सांगत होती. जहाजाचा पाण्याखालचा पंखा, माणसाच्या तिप्पट उंच. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीतून एक तरुण पोलीस बाहेर आला. खूप अदबीनं त्यानं थांबवलं. सायकल कोणाची? आईची. आईचं नाव? तिनं सांगितलं. पोलिसानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, परदेशी नागरिकाचं ओळखपत्र दाखवा.

"नाहीये," अबेना म्हणाली. "मी जपानी आहे."

तिचं बोलणं तुम्ही ऐकलंच आहे, अस्सल कोबेचं. भाजीवाल्या बायका बोलतात तसं. पोलीस हसला, अदबीनंच. पुन्हा म्हणाला, ओळखपत्र.

"जपानी माणसाकडे ते कार्ड नसतंच," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहे का?"

त्यानं आम्हाला आत घेतलं. माझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. ते काढताना पर्समधलं सगळं जमिनीवर सांडलं. मी खाली बसून गोळा करत होते आणि माझ्या डोक्यात एकच: आता विनायकचा व्हिसा, मुग्धाची शाळा, सगळ्यावर काट. मला जपानीचा एक शब्द आठवेना. अबेना खुर्चीवर ताठ बसली होती. तिचे हात मांडीवर उघडे ठेवलेले होते. तुम्हीच शिकवलं होतंत तसे बसायला, हात दिसतील असे. मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते, हे अमेरिका नाही, मुलांना कशाला घाबरवता म्हणून. आता तिच्या त्या उघड्या तळव्यांकडे मला बघवेना.

मी फक्त एक केलं. त्यांचा फोन मागितला आणि तुम्हाला लावला.

तुम्ही टॅक्सीनं आलात, नाक लाल, गळ्याला मफलर. मला वाटलं, तुम्ही आता आवाज चढवणार. तुम्ही पोलिसाला वाकून नमस्कार केलात. मोडक्या जपानीत म्हणालात की मुलीची आई कामावरून निघाली आहे, कागद घेऊन येते आहे, तोवर आम्ही इथे बसू. आणि अबेनाच्या शेजारी बसून तिला विचारलंत, "आज काय पाहिलंस? जपानीत सांग. मला सराव होईल."

तिनं सुरुवात केली. पंखा कसा सोडवतात, त्याचा दांडा कसा तपासतात, पाणी आत येऊ नये म्हणून काय करतात. बोलता बोलता तिचे हात मांडीवरून उठले आणि हवेत फिरायला लागले. तुम्ही मध्येच विचारत होतात, "आणि समुद्रातच तुटला तर?" पोलीस त्याच्या टेबलाशी बसून ऐकत होता. एकदा तर त्यानंच विचारलं, "केवढा जड असतो?" तिनं सांगितलं. त्यानं मान डोलावली, आणि मग कान लाल करून खाली बघायला लागला.

आई आली, कारखान्याचा एप्रन तसाच. कागद दाखवले. पोलीस पुन्हा पुन्हा वाकून माफी मागत होता. आईही त्याला वाकून नमस्कार करत होती. अबेनानं मात्र मान वाकवली नाही.

त्या दोघी गेल्यावर आपण चढाला लागलो. वळणावर तुम्ही एकाएकी थांबलात, भिंतीला हात लावलात आणि गटारापाशी वाकून ओकलात. मी पाठ चोळली. तुमचं सगळं अंग कापत होतं.

"ताप आहे तुम्हाला," मी म्हणाले.

"ताप नाही." तुम्ही मफलरनं तोंड पुसलंत. "माझा एक भाऊ होता, सुनंदा. त्याला असंच थांबवलं होतं. तो घरी आला नाही."

त्या भावाबद्दल तुम्ही आधी कधी बोलला नव्हतात. नंतरही बोलला नाहीत.

"पण आत तर तुम्ही किती शांत होतात!"

"आत मूल होतं."

"म्हणजे तुम्हालाही भीती वाटते?"

"रोज," तुम्ही म्हणालात. "तुला काय वाटलं, मी निराळ्या मातीची आहे?"

मला खरंच तसं वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन मुग्धाला जवळ घेऊन बसले आणि विचार करत राहिले की इतकी भीती पोटात घेऊन हे माणूस रोज सकाळी चढ चढून येतं, दार उघडतं आणि "काय गं" म्हणतं. मला तुमचा आधार वाटायचा तो त्या दिवशी कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यानंतर अबेनाचं शिक्षणाचं ठरत गेलं. टोकियोला जहाजांच्या इंजिनांचं शिकवणारं कॉलेज आहे, तिथे मुली फार थोड्या. मिस्टर क्लाइव्हनी तिची गणितं घेतली, तुम्ही मुलाखतीची तयारी. तुमच्या खोलीत तुम्ही परीक्षक व्हायचात आणि मुद्दाम तिरके प्रश्न विचारायचात: "मुलीला बोटीवर कसं चालेल?" "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पहिल्या वेळी ती रडली, पुढच्या वेळी चिडली. शेवटी शेवटी तर ती शांतपणे म्हणायची, "मूळची कोबेची. आता इंजिनाबद्दल विचारा."

तुम्हाला त्या दिवसांत डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, म्हणायचात. मी चहा करून द्यायचे.

मग एका बुधवारी दुपारी तुम्ही जिन्यात बसलात. पडला नाहीत, बसलात, एखाद्या दमलेल्या बाईसारख्या. मी वरच्या पायरीवर होते. हाक मारली तर तुम्ही वळून पाहिलंत आणि तुमच्या चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी हललीच नाही. ॲम्ब्युलन्समध्ये मला जपानीत एवढंच सांगता येत होतं, "डोकं, डोकं." मी स्वतःवर इतकी कधी चिडले नव्हते.

हॉस्पिटलात नर्सनं दारातच विचारलं, घरच्या का? तुमचा मुलगा अमेरिकेत. इथे तुमचं म्हणावं असं कोणी नाही. मी म्हणाले, हो, धाकटी बहीण. तिनं माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं, पडद्याआडच्या तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं.

तुमचा उजवा हात निर्जीव होता, म्हणून मी डावा धरला. तुम्ही डोळे उघडलेत. शब्द जड येत होते, पण मला कळले.

"मुलं कोणाकडे आहेत?"

बुधवार होता. मुलं आपापल्या वर्गात होती. पण तुमच्या मनानं शनिवार होता आणि तुम्ही मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या होतात, आणि कुठेतरी मुलं सुटली होती. तुमच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी घाबरून बोलून गेले, "माझ्याकडे आहेत."

तुम्ही डोळे मिटलेत. पुन्हा बोलला नाहीत. मुलगा येईपर्यंत तुमचा श्वास चालला, आणि मग थांबला.

सांगा मला, मी काय बोलून बसले! मी वाणिज्य शाखेची पदवीधर, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई. माझ्या आयुष्यात कोणी मला माझ्या रंगावरून चौकीत बसवलेलं नाही. माझा कोणी भाऊ घरी यायचा राहिलेला नाही. त्या मुलांना मी काय दाखवणार? मुग्धाबद्दल तुम्ही जे उत्तर दिलं होतंत तेच मलाही लागू आहे. त्यांना बोट दाखवता येईल असं माणूस मी नव्हे.

प्रिन्सिपल चांगले आहेत. तुमच्यासाठी त्यांनी शाळेत प्रार्थना ठेवली. पण नंतर त्यांनी मला बोलावून सांगितलं, "शनिवार तूर्त थांबवू. नवीन मार्गदर्शक येईपर्यंत जबाबदारी कोण घेणार?" घरी विनायक म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. रिस्क आहे गं. कोणा मुलाला काही झालं तर? आपण व्हिसावर राहणारी माणसं."

मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. मग अबेना तुमच्या खोलीत आली. ती प्रार्थनेला आली नव्हती. दारातच उभी राहून म्हणाली की ती टोकियोला जाणार नाही. मुलाखत नको.

"का?"

"मिसेस कोल नाहीत. तिथे काही झालं तर माझ्या बाजूनं कोण बोलणार? तुम्ही? चौकीत तुम्ही नुसत्या कापत होतात, सुनंदा-सान."

"हो," मी म्हणाले. "कापत होते. शनिवारीही कापेन. मिस्टर क्लाइव्हकडे जायचं ठरलेलं आहे. येतेस का?"

हे शब्द माझ्या तोंडून कसे आले मला कळलं नाही. ती खांदे उडवून "हाय" म्हणाली. इथल्या मुलांचा "हो" तो असा. मी प्रिन्सिपलकडे गेले आणि म्हणाले, "नवीन बाई येईपर्यंत जबाबदारी माझी. मिस्टर क्लाइव्ह आणि बाकीची मोठी माणसं सोबत आहेत. मुलं त्यांची आहेत, मी फक्त नेणार आणि आणणार." माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी दोनदा विचारलं. मग ते म्हणाले, "ठीक आहे. नेताना मला सांगून जा."

शनिवारी बाकीच्या मुलांना आपापल्या माणसांकडे सोडून मी आणि अबेना गोदीवर गेलो. कोळसा वाहणारं एक जहाज पाणी उपसलेल्या गोदीत उभं होतं, खाली ठोकळ्यांच्या रांगेवर. मिस्टर क्लाइव्हनी आम्हाला हेल्मेटं दिली आणि लोखंडी जिन्यानं खाली नेलं. मला वाटलं होतं आपण कडेला उभं राहून बघू. पण ते सरळ जहाजाच्या पोटाखाली गेले, वाकून, आणि अबेना त्यांच्या मागे. मी कुठे राहणार? मीही गेले. डोक्यावर हातभर अंतरावर ते सगळं लोखंड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेवाळाचा आणि गंजाचा वास. वरून पाण्याचे थेंब मानेवर पडत होते. मी ठोकळ्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढ्यावर? हे सगळं एवढ्यावर?

आणि तेव्हा जमीन हलली.

फार नाही. असा हादरा कोबेत कोणी जेवताना बोलूनही दाखवत नाही. टांगलेला दिवा हेलकावे खायला लागला, कुठेतरी साखळी किणकिणली. टेबल नव्हतं, कुठे लपायचं? अबेनानं माझं मनगट धरलं.

"घाबरलात?" तिनं जपानीत विचारलं.

"हो."

"मी पण."

दिवा थांबला. मिस्टर क्लाइव्ह आमच्याकडे बघत होते. "वर जायचं असेल तर जाऊ," ते म्हणाले. "मीही कधी कधी जातो."

अबेना माझ्याकडे बघायला लागली. मिसेस कोल, ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "किती राहिलंय?"

"थोडंच."

"मग उरकून घेऊ."

त्यांनी तिच्या हातात हातोडी दिली. पत्र्यावर ठोकायचं आणि ऐकायचं. ठण्ण. ठण्ण. पुढे सरकायचं. ठण्ण. एका जागी ती थांबली. पुन्हा ठोकलं. मला तर दोन्ही आवाज सारखेच वाटले. तिनं मान तिरकी केली, तिसऱ्यांदा ठोकलं आणि म्हणाली, "इथे पातळ आहे." मिस्टर क्लाइव्हनी कान लावला, पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र लावलं, आणि खिशातला खडू तिला दिला. तिनं त्या जागेभोवती गोल काढला. बाजूनं गोदीचा एक मुकादम चालला होता. त्यानं थांबून तो गोल बघितला आणि विचारलं, कोणी शोधलं? मिस्टर क्लाइव्ह तिच्याकडे बोट करून म्हणाले, "हिनं." मुकादमानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या गोलाकडे, आणि वेल्डिंगवाल्यांना हाक मारायला गेला. तिला त्यानं दुसरं काहीच विचारलं नाही. कुठली आहेस, पळतेस का, गातेस का, काहीच नाही.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "टोकियोला तुम्ही येणार ना?" पुढच्या बुधवारी निघायचं आहे. मुलाखत गुरुवारी. मी हो म्हटलंय. त्या परीक्षकांसमोर मला काय बोलता येणार आहे! मी बाहेरच्या बाकावर बसणार. पण बसणार.

आज सकाळी मिस्टर क्लाइव्हनी आम्हाला पुन्हा बोलावलं होतं, डागडुजी होऊन गोदीत पाणी सोडणार होते ते बघायला. अबेनानं मुग्धालाही फोन करून बोलावून घेतलं. मला न विचारता. मुग्धा आली, तिच्या शेजारी कठड्याला रेलून उभी राहिली, आणि दोघी जपानीत काय बोलत होत्या मला अर्धंच कळलं. तुम्ही असतात तर या गोष्टीला काय म्हणाला असतात मला माहीत नाही. कदाचित आज तरी ते भांडण पुढे सरकलं असतं.

पाणी यायला पुष्कळ वेळ लागला. तपकिरी, फेसाळ, हळूहळू वर चढणारं. ठोकळे बुडाले. पंखा बुडाला. वारा बोचरा होता, आणि मी वाट बघत होते की आता काहीतरी मोठा आवाज होईल, धडधड होईल. तसं काहीच झालं नाही.

"उइता!" अबेना ओरडली. तरंगलं!

"कुठे? काहीच हललं नाही."

"दोर बघा, सुनंदा-सान."

मी पाहिलं. दोर कडेला ढिले पडून होते ते ताठ झाले होते. एवढं मोठं धूड पाण्यावर उभं होतं, खाली काहीही नव्हतं. मी तुम्हाला हाक मारली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मिस्टर क्लाइव्हनी तोंड वळवलं, मुग्धा घाबरून माझ्याकडे बघायला लागली. अबेना मात्र जवळ आली आणि मला घट्ट धरून उभी राहिली, आणि तीही कापत होती.